भरणे, भार आणि भृती



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे प्राध्यापक, वकील, साहित्यिक बोलून गेले आहेत. त्यांच्या पंगतीत एका हमालाच्या मुलासाठी पाट मांडण्याचे धाडस चालकांनी केले. ते योग्य होते की नाही, हे व्याख्यान संपल्यावर तुम्हीच ठरवा. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे अकोल्याच्या एका वाचनालयातल्या लाकडी बाकावर, दिवसाचे काम आटोपल्यावर, संध्याकाळी सात ते नऊ या वेळात झाले. उभी हयात कामगार चळवळीत गेल्यामुळे मी किमान वेतनावर नाहीतर नव्या कामगार संहितांवर बोलेन अशी चालकांची अपेक्षा होती. मी विषय कळवला तो एका क्रियापदाचा. पत्रिका छापून आली तेव्हा युनियनच्या कचेरीतला एक सहकारी म्हणाला, "भाऊ, हे काय नवीन काढलं तुमी? मास्तर झाले काय?"

मास्तर झालो नाही. पण या क्रियापदाशी माझी गाठ कामगार चळवळीतच पडली, तीही एका करारनाम्यात. 1998 सालची गोष्ट. अकोला जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याशी आमच्या वाटाघाटी चालल्या होत्या. करारनामा वकिलांनी इंग्रजीत लिहिला. त्यात एक कलम असे होते की, कामावर दुखापत झाली तर औषधोपचाराचा खर्च मालकपक्ष 'बेअर' करील. कारखान्याच्या फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली सारे जमलेले. मी कागद हातात घेऊन जागच्या जागी मराठी करून वाचू लागलो आणि त्या कलमाशी येऊन म्हणालो, "खर्चाचा भार मालकपक्ष उचलील." मागून एक म्हातारा हमाल ओरडला, "मालक भार उचलील? मंग आमी काय करू?" सारा जमाव हसला. मीही हसलो. पण त्या रात्री वाचनालयात जाऊन इंग्रजी कोशात तो 'बेअर' काढून पाहिला. नोंदीच्या शेवटी बारीक टाइपात त्या शब्दाची कुळी दिली होती: जुने इंग्रजी 'बेरन', लॅटिन 'फेर्रे', ग्रीक 'फेरेइन', आणि त्यांच्या शेजारी आपले संस्कृत 'भरति'. मी इंग्रजी शब्दाचे मराठी करताना नकळत त्याच्याच चुलतभावाला हाक मारली होती! 'बेअर' आणि 'भार' एकाच घरचे निघाले.

हे घर कोणते, ते थोडक्यात सांगतो. 1786 साली कलकत्त्याला सर विल्यम जोन्स या न्यायाधीशाने एका व्याख्यानात सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातले साम्य इतके आहे की त्या तिघी एकाच मूळ भाषेतून निघाल्या असल्या पाहिजेत, आणि ती मूळ भाषा कदाचित आज उरलेली नाही. पुढे जर्मनीत फ्रान्झ बॉप, याकोब ग्रिम वगैरे पंडितांनी हे साम्य शिस्तीने तपासले. शब्द सारखे वाटतात एवढ्यावर ते थांबले नाहीत. कोणत्या अक्षराच्या जागी कोणत्या भाषेत कोणते अक्षर येते, याचा त्यांनी नियम बसवला. ग्रिमने आपला नियम 1822 साली मांडला. आपल्याला आज त्यातली एकच ओळ पुरे आहे: संस्कृतात जिथे 'भ' आहे, तिथे ग्रीकमध्ये 'फ' सारखा उच्चार, लॅटिनमध्ये शब्दारंभी ओठ-दातांचा 'फ', आणि फारसीत व जर्मानिक भाषांत साधा 'ब'. पडताळा घ्या. आपला भ्राता, लॅटिनमध्ये फ्रातेर, इंग्रजीत ब्रदर, फारसीत बिरादर. भाऊबंदांना आपण 'बिरादरी' म्हणतो ती तिथली. डोळ्यांवरची भ्रू इंग्रजीत ब्राउ, फारसीत अब्रू. तसेच भरति, फेरेइ, फेर्त, बेअर.

आता इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या बहिणींची जी आई, तिला पंडित आद्य जर्मानिक म्हणतात. इसवी सनापूर्वी सुमारे 500 च्या सुमारास उत्तर जर्मनी आणि दक्षिण स्कँडिनेव्हियाच्या बाजूला ती बोलली जात असावी. तिच्यात लिहिलेले पुस्तक नाही. तिच्या शब्दांमागे पंडित एक तारका छापतात. तारका म्हणजे: हा शब्द आम्ही कुठे वाचलेला नाही, लेकींच्या बोलण्यावरून जुळवला आहे. ऑगस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने ही तारकेची रीत रूढ केली. मला ही रीत फार आवडते. आम्हा पुढाऱ्यांनाही कुणीतरी ती लावून द्यायला हवी होती. ऐकीव गोष्ट सांगताना आधी एक चांदणी काढायची!

न लिहिलेला शब्द जुळवता येतो हे कामगारांना पटवायला मला अडचण पडत नाही. एका कारखान्यात हजेरीपटाचे एक पान गहाळ झाले होते. बोनसचा हिशेब अडला. मग आम्ही आठ-दहा माणसांकडची जुनी पगारपत्रके, कुणाच्या बायकोने भिंतीवर कोळशाने ओढलेल्या खाड्यांच्या रेघा, चहावाल्याची उधारीची वही, एवढे सारे एकत्र आणले आणि ते पान पुन्हा लिहिले. एकाचे खोटे असू शकते. दहा जणांचे, एकमेकांना न विचारता सांगितलेले, एकसारखे खोटे असत नाही. भाषापंडित हेच करतात. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या धर्मगुरूने गॉथ लोकांच्या भाषेत बायबल उतरवले. त्याची चांदीच्या अक्षरांत लिहिलेली एक जुनी प्रत स्वीडनमध्ये उप्साला येथे जपून ठेवली आहे. त्या गॉथिकमध्ये 'बेरन', जुन्या इंग्रजीत 'बेरन', उत्तरेच्या जुन्या नॉर्समध्ये 'बेरा'. एवढ्या साक्षींवरून आद्य जर्मानिक क्रियापद बसवले ते तारकेसह '*बेरनं', शेवटचा स्वर नाकातला. अर्थ, वाहून नेणे.

मला खरा आनंद झाला तो या शब्दाच्या शेपटीने. तो शेवटचा 'अनं' कुठला? पंडित सांगतात, संस्कृतात 'भरणम्', 'करणम्', 'गमनम्' अशी जी क्रिया दाखवणारी नामे होतात, त्यातलाच हा प्रत्यय. म्हणजे '*बेरनं' आणि 'भरणम्' यांचा धातू एक आणि प्रत्ययही एक. आपल्या मराठीचा 'णे' सुद्धा अशाच नामांपासून उतरला आहे. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठी भाषेच्या घडणीवरचा ग्रंथ आहे, तो वा. गो. परांजपे यांनी मराठीत आणला. त्यात मराठीच्या अशा पायऱ्या पाहायला मिळतात. तेव्हा 'भरणे' हा शब्द आपल्या घरात आपण रोज जसा उच्चारतो, तोच साधारण त्याच घडणीने एकेकाळी बाल्टिक समुद्राच्या थंडीत कुणीतरी उच्चारत होता. आपल्याकडे मात्र अर्थ थोडा सरकला. वाहून आणणारा माणूस शेवटी ते कुठेतरी ओततो, ठेवतो, साठवतो. म्हणून वाहणे याचे भरणे झाले. पाणी भरणे हा शब्दच पाहा. अकोल्यात ज्या आयाबहिणींनी उन्हाळ्यात पाणी भरले आहे त्यांना विचारा, त्यात भांडे भरण्याचा भाग किती आणि वाहण्याचा किती!

जर्मानिक बाजूची संतती मोठी आहे. इंग्रजीत ओझ्याला 'बर्डन' म्हणतात तो याच धातूचा. एकचाकी हातगाडीला 'व्हीलबॅरो' म्हणतात त्यातला 'बॅरो', प्रेत वाहण्याच्या तिरडीला 'बीअर' म्हणतात तोही याचाच. पिण्याची बीअर वेगळी आणि रानातले अस्वल म्हणजे 'बेअर' तेही वेगळे, त्यांना यात ओढू नका. आणि जन्माला 'बर्थ' म्हणतात. डॅनिश-स्वीडिश भाषांत लेकराला 'बार्न' म्हणतात, स्कॉटलंडच्या बोलीत 'बेर्न'. म्हणजे तिरडीपासून पाळण्यापर्यंत एकच क्रियापद. पोटात मूल वागवणे हे पहिले ओझे, असे त्या लोकांना वाटले असावे. संस्कृतातही गर्भ धारण करण्यासाठी हाच भृ धातू वापरतात. आपला 'हमाल' हा शब्द अरबी. त्या अरबी धातूचाही अर्थ वाहणे, आणि त्याच धातूवरून गर्भवतीला 'हामिला' म्हणतात. अरबीचे आणि आपल्या घराचे नाते नाही, तरी कल्पना तीच सुचली. आणि मराठीत पाहा, बाईचे 'दिवस भरले' म्हणजे प्रसूतीची वेळ आली. म्हाताऱ्याचे 'दिवस भरले' म्हणजे दुसरीच वेळ आली. आणि कारखान्यात बदली कामगार 'दिवस भरले' म्हणतो तेव्हा तो 240 दिवसांच्या हजेरीबद्दल बोलत असतो. त्या तिसऱ्या भरण्यावरून आम्ही किती भांडणे केली, त्याची मोजदाद नाही.

आता तुम्हाला बाजारात नेतो. माझे वडील अकोल्याच्या कापूस बाजारात हमाली करत. 1972 साली सरकारने एकाधिकार कापूस खरेदी सुरू केली, त्यानंतरच्या हंगामांत खरेदी केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा लागत, त्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. रात्रभर गाड्या उभ्या, शेतकरी गाडीखाली गोणपाट अंथरून झोपलेला, बैलांच्या गळ्यांतल्या घंटा वाजताहेत. वडील 'भार' हा शब्द बोलत नसत. आमच्या वऱ्हाडी बोलीत ते 'वझं'. आपल्याकडे ओझ्याच्या मापांना कमी नाही. रुईची दाबलेली गाठ 170 किलोची. ती माणूस उचलत नाही, लोटतो, आकड्याने ओढतो. धान्याची, साखरेची क्विंटलची गोणी मात्र एकाच पाठीवर यायची. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1967 साली शिफारस केली की एका पुरुषाने हाताने वाहायचे ओझे 55 किलोंवर नसावे. ती शिफारस पाठीपर्यंत पोचायला किती वर्षे लागली, ते माझ्या वडिलांच्या मणक्याला ठाऊक होते.

मी स्वतः 1989 पासून काही वर्षे मालधक्क्यावर काम केले. मृगाच्या आधी खतांचे रेक लागत. एके दिवशी सुपर फॉस्फेटची गोणी पाठीवर घेऊन मी चाललो आहे, असे डोळ्यांपुढे आणा. तेव्हा मला काही कळत नव्हते. कळले ते दहा वर्षांनी, कोश चाळताना. त्या गोणीवर काय लिहिले होते? 'फर्टिलायझर'. लॅटिन 'फेर्रे', वाहणे, त्यावरून 'फर्टाइल', फळ धरणारी जमीन, त्यावरून फर्टिलायझर. आत काय होते? फॉस्फेट. ग्रीकमध्ये 'फॉस' म्हणजे प्रकाश आणि 'फोरोस' म्हणजे वाहणारा. फॉस्फरस हा प्रकाशवाहक, कारण तो अंधारात चमकतो. ते ज्यात भरले त्याला आम्ही काय म्हणायचो? बारदान. फारसीत 'बार' म्हणजे ओझे आणि 'दान' म्हणजे ठेवायचे भांडे, जसे अत्तरदान, पानदान. हा 'बार' म्हणजे आपल्याच 'भार' चा इराणी भाऊ. आणि पाठीवर होता तो भार. लॅटिन, ग्रीक, फारसी, संस्कृत, एका घरच्या चार बहिणी त्या एका गोणीत बसल्या होत्या आणि सातवी पास झालेला एक पोरगा त्या चौघींना वाघिणीतून गोदामात नेत होता. मालगाडीच्या डब्याला आपण वाघीण म्हणतो, ते इंग्रजी 'वॅगन' चे मराठी रूप. तो शब्द वह् धातूचा, आपल्या 'वाहन' चा सख्खा. पण ते घर निराळे, तिकडे आज जात नाही.

एका शब्दाविषयी सावध करतो, कारण मी स्वतः त्यात फसलो होतो. पाहुण्याची 'बडदास्त' ठेवणे हा आपला शब्द फारसी 'बरदाश्त' चा. त्यात मला 'बर' दिसला आणि मी उड्या मारल्या. पुढे कळले की हा 'बर' म्हणजे नुसते 'वर'. खरा धातू 'दाश्त', धरणे, म्हणजे आपला धृ. 'वर धरणे' ती बरदाश्त. तेव्हा सारखे दिसले म्हणजे सोयरे झाले असे नव्हे. अक्षरांचा नियम बसला पाहिजे आणि शब्दाची फोडही बरोबर असली पाहिजे. कृ. पां. कुलकर्णी यांच्या 1946 च्या मराठी व्युत्पत्तिकोशाने आणि पुढे टर्नर यांच्या हिंदी-आर्य भाषांच्या मोठ्या कोशाने माझ्यासारख्या उतावळ्यांचे फार कान उपटले आहेत.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला त्याकडे येतो. भृ धातूचे संस्कृतात दोन संसार झाले. एक वाहण्याचा, दुसरा पोसण्याचा. जो घराचे ओझे वाहतो तो घर पोसतो, एवढा साधा दुवा. पण एकदा 'पोसणे' हा अर्थ आला की प्रश्न उभा राहतो, कोण कोणाला? आणि शब्द कसे वाटले गेले ते पाहा. पोसणारा तो भर्ता. खेड्यातल्या बाईचा 'भ्रतार' हाच. पोसली जाणारी ती भार्या, शब्दशः 'जिला पोसायचे ती'. पोसला जाणारा नोकर तो भृत्य. आणि त्याला मिळते ती भृती, म्हणजे मजुरी. मजुरीला मूळ शब्द मिळाला तो कामाचा नव्हे, पोसण्याचा!

पाणिनीपाशीही हा भृतीचा शब्द आहे. त्याने दाखवले आहे की मजुरीवर काम करणारा असेल तर 'कर्मकर' असे रूप होते, एरवी काम करणारा तो 'कर्मकार'. एका कान्याचा फरक. पण अडीच हजार वर्षांपूर्वी रोजंदारीचा माणूस व्याकरणात वेगळा मोजावा लागत होता एवढे त्यातून दिसते. कौटिलीय अर्थशास्त्रात 'संघभृत' असा शब्द येतो. टोळीने मजुरीवर लागलेले लोक. त्यांनी मजुरी ठरल्याप्रमाणे किंवा सारखी वाटून घ्यावी असे तिथे सांगितले आहे. आमच्या हमालांच्या टोळ्या संध्याकाळी पोत्यावर बसून नेमके हेच करत, कौटिल्याचे नावही न ऐकता. मनुस्मृतीत श्राद्धाला कोणाला बोलावू नये त्या यादीत 'भृतकाध्यापक' आहे, म्हणजे पगार घेऊन शिकवणारा. सभेत शिक्षक मंडळी बरीच दिसतात. त्यांनी मनाला लावून घेऊ नये, त्या यादीत त्यांना सोबत पुष्कळ आहे. भृतीचा शब्द मराठीत सरळ उतरला नाही. 'भाडे' हा शब्द संस्कृत 'भाटक' वरून आला आणि तो 'भृत' चेच प्राकृत वळण असावा असे मानतात. तसे असेल तर मला अनेकदा 'भाडोत्री पुढारी' म्हणणाऱ्यांनी फार जुना शब्द वापरला.

भार्या शब्दाकडे परत येतो. दिवाळीनंतर अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही शेतात जा. कापूस वेचतात त्या बहुतेक बायाच. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून वेचायचे, ओटी भरली की गाठोड्यात रिकामी करायची, संध्याकाळी ते गाठोडे डोक्यावर घेऊन काट्यापाशी यायचे, आणि किलोवर मजुरी घ्यायची. वर घरी जाताना सरपणाचा किंवा कडब्याचा भारा. भारा तिच्या डोक्यावर, आणि पोसायची म्हणून भार्याही तीच! संस्कृत कोशकारांनी एक संध्याकाळ आमच्या पांदणीने घालवली असती तर बरे झाले असते.

1998 च्या त्याच वाटाघाटीत एक प्रसंग घडला. चर्चा तापली होती. कारखान्याच्या बाजूचे एक गृहस्थ, माणूस वाईट नव्हता, सहज बोलून गेले, "अहो, एवढी दोनशे माणसं आम्ही पोसतो, आणखी काय करायचं?" मी गप्प राहिलो, कारण माझ्यापाशी उत्तर नव्हते. घरी येऊन वडिलांना सांगितले. ते बाजेवर पडून होते, पाठीला शेक घेत. म्हणाले, "कोन कोनाले पोसते, बावा? सरकी काय त्यायच्या घरी आपोआप निंगते?" त्यानंतर दोन दिवसांनी करारनाम्याचा मसुदा आला. त्याच्या प्रस्तावनेत लिहिले होते की, कामगारांच्या भरणपोषणाचा सहानुभूतीने विचार करून व्यवस्थापन ही वाढ देत आहे. मी म्हणालो, आकडे मान्य आहेत, हा शब्द मान्य नाही. हिंदी कायद्याच्या भाषेत भरणपोषण म्हणतात ते पोटगीला. आम्ही पोटगी मागत नाही. त्या ठिकाणी 'केलेल्या कामाचा मोबदला' असे लिहा. वकीलसाहेब चिडले. अर्धा तास त्या एका शब्दावर गेला. बाहेर लिंबाखाली बसलेल्यांना वाटले, बोलणी फिसकटली. एकाने तर घोषणाही सुरू केल्या. शेवटी शब्द बदलला गेला. मला माझ्याच एका सहकाऱ्याने नंतर ऐकवले की, तेवढ्या वेळात पाच रुपये जास्त पदरात पडले असते. त्याचे म्हणणे चूक आहे असे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. शब्दांनी पगार वाढत नाही. त्याआधी नऊ दिवस काम बंद राहिले होते, म्हणून ती वाढ झाली. पण जो आकडा मिळाला तो कशाबद्दल मिळाला, हेही कागदावर लागते. पुढच्या वेळी तोच कागद पुढे येतो.

त्या दिवशी जे उत्तर माझ्यापाशी नव्हते ते मला बऱ्याच वर्षांनी सापडले, आणि तेही अगदी हाताशी असलेल्या शब्दात. 'मजूर'. हा शब्द आपण फारसीतून घेतला, तिथे तो 'मुझ्दूर'. त्याची फोड अशी: 'मुझ्द' म्हणजे मजुरी, केलेल्या कामाचे फळ. त्याचे भाऊबंद ग्रीकमध्ये 'मिस्थोस', गॉथिकमध्ये 'मिझ्दो', जुन्या इंग्रजीत 'मीड', सारे मोबदला याच अर्थाचे. वेदांत 'मीढ' म्हणजे जिंकलेले बक्षीस. आणि शेवटचा 'ऊर'? जुन्या इराणी भाषेत त्या जागी 'वर' होता आणि त्याही आधी 'बर', वाहणारा. तोच आपला भृ, तोच गॉथ लोकांचा बेरन! मजूर म्हणजे मोबदला वाहून नेणारा. शनिवारी संध्याकाळी हप्ता घेऊन, पिशवीत पीठ-मीठ बांधून घराकडे निघालेला माणूस डोळ्यांपुढे येतो की नाही? एकाच धातूपासून संस्कृताने 'भृत्य' केला, ज्याला कोणी पोसायचे असा. आणि इराणने 'मजूर' केला, जो आपली कमाई आपण वाहून नेतो असा. आपल्याकडे 'मजूर' शब्दाला कमीपणा चिकटला आहे. सभेत 'श्रमिक', 'कामगार' म्हटले की टाळ्या पडतात, मजूर म्हटले की माणसे खाली पाहतात. मला विचाराल तर या साऱ्या नातलगांत सर्वांत ताठ मानेचा शब्द तोच. 'पगार' सुद्धा त्याच्यापुढे फिका. तो पोर्तुगीजांकडून आला आणि त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ शांत करणे, समजूत घालणे असा आहे. तो अर्थ मात्र आमच्या अनुभवाशी जुळतो.

आणखी एक फारसी शब्द आपल्या इतिहासात आहे, बारगीर. 'बार' म्हणजे ओझे, 'गीर' म्हणजे घेणारा. मुळात तो ओझ्याचा घोडा. मराठ्यांच्या फौजेत बारगीर म्हणजे तो स्वार, ज्याला घोडा सरकारातून मिळे. स्वतःचा घोडा असणारा तो शिलेदार. लढाई दोघेही करत, जखमा दोघांनाही होत. पण घोडा कोणाचा, यावरून नाव ठरे आणि मानही ठरे. कारखान्याच्या फाटकातून रोज सकाळी आत जातात ते सारे बारगीर. घोडा आत उभा असतो. हा शब्द मी शिबिरात तरुण मुलांना सांगतो तेव्हा, मार्क्सच्या चार प्रकरणांनी जे होत नाही ते होते, असा माझा अनुभव आहे. मार्क्सवादी मित्रांनी क्षमा करावी.

म्हातारा हमाल, ज्याने लिंबाखाली तो प्रश्न विचारला, त्याला मी हे सारे एकदा सांगितले होते. बेरन, फेर्रे, बारदान, सगळे. त्याने बिडी विझवली आणि विचारले, "मंग इंग्रजाच्या देशात बी वझ्याले असंच म्हंते?" मी म्हणालो, जवळजवळ असेच. तो म्हणाला, "म्हंजे तिकडं बी हमाल अशीन." मला कोशांत जे सापडले नव्हते, ते त्याने एका वाक्यात काढले. ज्यांनी हा शब्द समुद्रापलीकडे नेला आणि ज्यांनी तो सिंधूच्या अलीकडे आणला, त्यांच्या टोळ्यांत कोणीतरी पाठीवर ओझे घेऊन चालत असले पाहिजे; नाहीतर शब्द एवढा टिकला नसता.

वेळ भरत आली, घंटेकडे चिटणीसांचा हात गेलेला मला दिसतो आहे. आता ते आभार मानायला उठतील. 'आभार' हाही त्याच घरचा, उपकाराचे अंगावर आलेले ओझे. ते त्यांनी बेताचेच ठेवावे. ओझ्याची सवय आहे, पण वयही झाले आहे.